मामल्याचा प्लेग आणि एका जंतूची ओळखपरेड

बीड जिल्ह्यात मामला नावाचे एक छोटे खेडे आहे. एरवी या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर कोणाच्या कानावर गेले नसते. पण १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदांवर पोचले, आणि भारतातील प्लेगविषयी आजही कोणी लिहायला बसले की मामल्याचा उल्लेख टळत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडओळख करून द्यायची तर आम्हाला लंडन-पॅरिसला जाण्याची गरज वाटत नाही. जंतू म्हणजे काय, तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो, त्याला ओळखतात कसे, आणि त्याला ओळखण्याआधीच माणसे काय काय करून बसतात, हे सगळे आपल्या जिल्ह्याच्या या एका प्रकरणात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. बीड जिल्ह्यात तेवढी हानी झाली नाही, पण जमीन हलली ती सगळ्यांच्या पायाखालची. दगडामातीच्या घरात झोपायची लोकांना भीती वाटू लागली. मामल्याच्या लोकांनी घरे सोडली, ते बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. माणूस नाही, मांजर नाही, चुलीचा धूर नाही आणि खायला भरपूर धान्य. उंदरांना आणखी काय हवे? वर्षभरात ते बेसुमार वाढले.

१९९४ च्या पावसाळ्यात गावात उंदीर मरून पडू लागले. त्यानंतर पिसवांचा त्रास सुरू झाला. आणि ऑगस्टच्या अखेरीस काही जणांना ताप भरला, जांघेत आणि काखेत दुखऱ्या गाठी आल्या. आधी उंदीर, मग पिसवा, मग माणसे. हा क्रम आपल्या आजी-पणजींना माहीत होता. उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही महाराष्ट्रातली जुनी रीत होती. पण देशात १९६६ नंतर माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. तरुण डॉक्टरांनी हा रोग पुस्तकातच पाहिलेला होता.

जरासीम, जंतू आणि सूक्ष्मजीव

उर्दूत आपण ज्यांना जरासीम म्हणतो, मराठी बोलीत जंतू आणि शाळेच्या पुस्तकात सूक्ष्मजीव, त्यांत एकाच घरात बसवू नयेत असे अनेक प्रकार आहेत. जिवाणू हा एका पेशीचा, पण पूर्ण जीव आहे. तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. दह्यातला जिवाणू आणि क्षयरोगाचा जिवाणू दोघेही याच वर्गातले. विषाणू याहून कितीतरी लहान. त्याला स्वतःचे घर-संसार काही नसते, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची वाढ होत नाही. कोरोना, गोवर, कावीळ हे विषाणूंचे काम. मलेरियाचा परजीवी वेगळा, गजकर्णाची बुरशी आणखी वेगळी. हा फरक परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. जिवाणू मारणारे अँटिबायोटिक विषाणूला काहीही करत नाही. सर्दीला अँटिबायोटिक घेणे म्हणजे उंदीर पकडायला विहिरीत गळ टाकणे.

आणि सगळे जंतू शत्रू नसतात, हेही मुलांना आवर्जून सांगावे लागते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू आहेत आणि त्यांच्यावाचून आपले पचन नीट चालत नाही. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू त्या मानाने मूठभरच.

प्लेगचा जंतू हा जिवाणू आहे. त्याचे शास्त्रीय नाव येर्सिनिया पेस्टिस. अलेक्झांडर येर्सिन या पाश्चर यांच्या परंपरेतल्या डॉक्टरने १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत तो शोधला. त्याच सुमारास जपानचे किटासाटो हेही तिथे त्याच शोधात होते. म्हणजे मामल्याच्या साथीच्या बरोबर शंभर वर्षे आधी. लांबी एक ते तीन मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन. विशिष्ट रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्याची दोन टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो. डॉक्टर त्याला सेफ्टी पिनची उपमा देतात. दुपट्ट्याला लावायची पिन मिटलेली असताना जशी दिसते, तसाच.

पिसवेच्या पोटातले नाटक

हा भाग आम्हाला सगळ्यात विलक्षण वाटतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

प्लेग मुळात माणसाचा रोग नाही. तो रानातल्या उंदरांचा रोग आहे. बिळांत तो वर्षानुवर्षे राहतो, तिथे तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. रानउंदरांच्या पिसवा घरातल्या उंदरांवर आल्या की घरचे उंदीर पटापट मरतात. उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते आणि पिसू गार अंगावर राहत नाही. तिला गरम रक्त हवे. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक, नाही तर ती माणसावर येते. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू आहे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले. सुरुवातीला त्याला कोणी फारसे मानले नाही.

पिसवेच्या आत काय होते? बाहेरच्या बेताच्या गारव्यात हा जंतू पिसवेच्या अन्नमार्गात चिकट थर तयार करतो. तो थर इतका वाढतो की तिचा घसा बंद होतो. रक्त प्यायले तरी ते पोटात जात नाही. भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर घशातले जंतू माणसाच्या अंगात ओकते. कडक उन्हाळ्यात हा थर नीट बनत नाही. मुंबईतल्या जुन्या साथी फेब्रुवारी-मार्चमध्ये शिगेला पोचून मे-जूनपर्यंत ओसरत, त्यामागचे एक कारण शास्त्रज्ञ हेच सांगत आले.

आता जंतू माणसाच्या शरीरात आला. इथले तापमान ३७ अंश. ऊब लागताच तो आपला वेश बदलतो. चिकट थराचे काम थांबते आणि स्वतःभोवती एक प्रथिनाचे आवरण चढवायला तो सुरुवात करतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्यामुळे त्याला गिळणे अवघड जाते. तो लसिकाग्रंथीत पोचतो, तिथे वाढतो, ग्रंथी सुजते. तीच ती जांघेतली गाठ.

एवढासा जीव, डोके नाही, मेंदू नाही, आणि त्याला पिसू आणि माणूस यांतला फरक कसा कळतो? याचे उत्तर रेणवीय जीवशास्त्रात आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाची लांबच लांब साखळी असते. तिच्यावर चार रासायनिक अक्षरांत सूचना लिहिलेल्या असतात. एका कामाच्या सूचनेला जनुक म्हणतात. घरात अम्मीची पाककृतींची वही असते तसे समजा. वहीत बिर्याणी आहे, शीरखुर्मा आहे, हलीम आहे. रोज सगळे शिजत नाही. जे करायचे त्याचा कागद उतरवून स्वयंपाकघरात नेला जातो. पेशीतला असा उतारा म्हणजे आरएनए, आणि त्यावरून शिजणारा पदार्थ म्हणजे प्रथिन. प्लेगच्या जंतूच्या वहीत सुमारे ४,००० पाककृती आहेत आणि अक्षरे ४६ लाखांहून जास्त. २००१ साली त्याची पूर्ण वही वाचून प्रसिद्ध झाली. कोणती पाककृती कधी काढायची, हे ठरवणाऱ्या कळींपैकी एक कळ तापमानावर चालते. २६ अंशांना एक पान, ३७ अंशांना दुसरे.

ही वही मूळची त्याची एकट्याची नाही. त्याच्या भाऊबंदांत एक जंतू आहे, तो पोटाचे साधारण दुखणे देतो आणि बहुतेक माणसे त्यातून बरी होतात. प्लेगचा जंतू त्याच्यापासूनच निघाला. काही हजार वर्षांपूर्वी त्याला बाहेरून डीएनएची दोन छोटी कडी मिळाली. अशा कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. बांगडीसारखे गोल, मुख्य साखळीपासून सुटे, आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे. एका कड्यावर पिसवेच्या पोटात जिवंत राहण्याचे जनुक होते, दुसऱ्यावर शरीरात खोल पसरण्याचे. युरोप-आशियातल्या सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांत प्लेगचा डीएनए सापडला आहे आणि त्यांतल्या जुन्या नमुन्यांत हे पिसवेचे जनुक नाही. त्या काळचा जंतू पिसवेवर स्वार व्हायला अजून शिकलेला नव्हता.

भीती जंतूच्या पुढे धावली

मामल्याची बातमी ताजी असतानाच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत माणसे मरू लागली. तिथला प्लेग गाठीचा नव्हता, फुप्फुसाचा होता. या प्रकारात पिसू लागत नाही, रोग्याच्या खोकल्यातून जंतू थेट समोरच्याच्या श्वासात जातो आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर रोगी बहुधा वाचत नाही. काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून पळाली. रेल्वेच्या डब्यात, बसच्या टपावर. यंत्रमाग बंद पडले. आखाती देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली. आपल्या समाजातील किती घरांची रोजी तिकडच्या नोकरीवर अवलंबून असते, हे वाचकांना सांगायला नको.

आणि टेट्रासायक्लिन. औषधांच्या दुकानांतून त्या कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. आजारी नसलेल्यांनी घेतल्या, मुलांना दिल्या, उशाशी साठवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात देशभरातले संशयित रुग्ण ८७६ आणि मृत्यू ५४ झाले. मृत्यू जवळजवळ सगळे सुरतेतले. एका मृत्यूचेही दुःख मोठेच, पण ज्या देशात क्षयरोगाने रोज शेकडो माणसे जात होती, तिथे एवढी पळापळ जंतूच्या संख्येने झाली नव्हती. ती 'प्लेग' या शब्दाने झाली.

टेट्रासायक्लिनच्या त्या मुठी भरभरून खाण्याचा आणखी एक परिणाम झाला आणि तो आमच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. जंतू ओळखायचा तर रोग्याच्या गाठीतले पाणी, रक्त किंवा बेडका घेऊन तो प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. प्लेगचा जंतू सावकाश वाढतो. साधारण २८ अंशांना ठेवला तर दोन दिवसांनी बशीत त्याचे बारीक ठिपके दिसतात. रोग्याने आधीच औषध घेतले असेल तर जंतू अर्धमेला असतो, बशीत काही उगवतच नाही. म्हणून हा नक्की प्लेगच होता का, यावर १९९४ मध्ये मोठा वाद झाला. नामवंत डॉक्टरांनी जाहीरपणे शंका घेतली. कोणी म्हणाले मेलिऑयडोसिस, कोणी म्हणाले हंता विषाणू. मामला परिसरातल्या काही रुग्णांच्या आणि उंदरांच्या रक्तात प्लेगविरोधी प्रतिपिंडे सापडली होती, पण प्रतिपिंड म्हणजे चोर येऊन गेल्याची खूण. चोर हातात सापडलेला बरा.

प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली. तिने १९९५ मध्ये हा प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. रेणवीय जीवशास्त्राने त्यावर पक्का शिक्का मारला तो पुढे. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था, दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था आणि ग्वाल्हेरची संरक्षण प्रयोगशाळा यांच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीतल्या १८ जंतुनमुन्यांची तपासणी २००० साली प्रसिद्ध केली. काही नमुने माणसांचे होते, काही उंदरांचे.

तपासणी दोन टप्प्यांची होती. पहिला टप्पा आडनाव पाहण्याचा. प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचे एक जनुक असते आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात फार थोडा बदल होतो. त्याची अक्षरे वाचली की जंतू कोणत्या घराण्यातला ते कळते. अडचण अशी की प्लेगचा जंतू आणि त्याचा तो पोटदुखीवाला भाऊ यांचे हे जनुक जवळजवळ सारखेच. शेखांच्या वाड्यात जाऊन नुसते 'शेख कोण?' विचारल्यासारखे. म्हणून दुसरा टप्पा अंगठ्याच्या ठशाचा. संपूर्ण डीएनएवर ठिकठिकाणी छोटे तुकडे निवडून त्यांच्या अगणित प्रती काढतात. लहान-मोठे तुकडे विजेच्या साहाय्याने जेलीतून सरकवले की रेघांची एक नक्षी उमटते. ही नक्षी जंतूगणिक वेगळी असते. त्या नमुन्यांच्या नक्षीवरून हे येर्सिनिया पेस्टिसच, याबद्दल शंका उरली नाही.

डीएनएच्या प्रती काढण्याची ही जी रीत, तिचेच नाव पीसीआर. कोरोनात नाकात काडी घालून जी चाचणी घराघरात झाली ती हीच. एका तुकड्याचे दोन, दोनांचे चार. तीसदा असे केले की एकाचे शंभर कोटींवर जातात. जंतू जिवंत असो की मेलेला, त्याचा डीएनए शिल्लक असला तरी पुरतो. १९९४ मध्ये ही सोय बीडसारख्या ठिकाणी हाताशी नव्हती. आज जिल्ह्याच्या क्षयरोग विभागात सीबीनॅट नावाचे जे यंत्र आहे, ते याच तत्त्वावर सुमारे दोन तासांत बेडक्यात क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही सांगते. तपासणी मोफत असते.

मदनपुरा आणि बकऱ्याचे मांस

महाराष्ट्राला प्लेग नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. पुढच्या वर्षी पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारने जे उपाय केले त्यांत आरोग्याचा हेतू होता, पण माणुसकी कमी होती. गोरे सोजीर घरात घुसत, बायकांना उघड्यावर तपासत, सामान जाळत. आपल्या समाजाला यातला पडद्याचा प्रश्न किती जिव्हारी लागला असेल ते समजू शकते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला रुग्णालयात नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर सरकारला नियम सैल करावे लागले, आणि निरनिराळ्या जमातींची स्वतःची प्लेग रुग्णालये चालू लागली. लोकांना बरोबर घेतल्याशिवाय साथ आटोक्यात येत नाही, हे इंग्रजांना गोळ्या झाडल्यावर कळले.

त्याच शहरात, त्याच दिवसांत वाल्देमार हाफकिन नावाचा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस बनवत होता. जंतू मांसाच्या रस्स्यात वाढवायचा आणि मग उष्णता देऊन मारायचा. मेलेल्या जंतूचे इंजेक्शन दिले की शरीर त्याची ओळख करून घेते आणि खरा जंतू आला तर तयार असते. रस्सा कशाचा, हा प्रश्न होताच. गाईचा केला तर हिंदू घेणार नाहीत, डुकराचा केला तर मुसलमान. हाफकिनने बकऱ्याचे मांस घेतले आणि रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या तुपाला लोंबकळत जंतू वाढत. लशीत अमुक आहे, तमुक आहे अशा वावड्या आपल्या मोहल्ल्यांत आजही फिरतात. सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसाने आपल्या श्रद्धेचा विचार बाटली भरण्याआधी केला होता, एवढे तरी लक्षात ठेवावे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने पहिले इंजेक्शन स्वतःला घेतले. लोक तरी बिचकतच होते. तेव्हा ऐन विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कामासाठी जागा कमी पडू लागली तेव्हा आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. पुढे ही प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनवर ठपका आला, पद गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे नंतर पुढे आले. मातीत धनुर्वाताच्या जंतूची बीजे असतात. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण पाच वर्षे बदनामीत गेली.

हजरत उमर (रजि.) आणि सरग

ज्या गावात ताऊन आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे तो आला तर तिथून पळू नका, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत आहे आणि आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागचा प्रसंग मात्र मुलांना पूर्ण सांगितला जात नाही. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सरग या ठिकाणी पोचले तेव्हा पुढे ताऊन पसरल्याचे कळले. त्यांनी आधी मुहाजिरांना विचारले, मग अन्सारांना, मग कुरैशच्या वडीलधाऱ्यांना. मतभेद झाले. शेवटी त्यांनी परत फिरण्याचे ठरवले. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. त्यांनी दाखला दिला तो उंटांचा. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी कोरडी असेल तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच होईल. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी वरची हदीस सांगितली तेव्हा उमरांनी अल्लाहचे आभार मानले.

आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हदीस समजण्याआधीच त्यांनी माहिती घेतली, जाणत्यांचा सल्ला घेतला आणि मग निर्णय केला. तवक्कुल आणि खबरदारी यांत भांडण लावणारे आजही भेटतात, त्यांनी हा प्रसंग वाचावा. आणि गाव न सोडण्याच्या आज्ञेकडे सुरतेच्या रेल्वे स्थानकावरून पाहावे. फुप्फुसाचा प्लेग अंगात घेऊन निघालेला एक माणूस डब्यातल्या किती जणांना तो देऊ शकतो, हे आता आपल्याला जंतूच्या भाषेतही सांगता येते. चौदाव्या शतकात गरनाताचे विद्वान इब्नुल खतीब यांनीही कपडे, भांडी आणि माणसांच्या येण्याजाण्यातून रोग पसरतो, हे डोळ्यांनी पाहून लिहिले. तेव्हा जंतू कोणी पाहिलेला नव्हता.

कुलूप लावलेली घरे

मामल्यानंतर देशात प्लेग पुन्हा दिसला, २००२ मध्ये हिमाचलात आणि २००४ मध्ये उत्तरकाशीत. दोन्ही वेळा तो लवकर ओळखला गेला आणि पळापळ झाली नाही. जंतू रानातल्या बिळांतून गेलेला नाही. औषधेही आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन. उपचार न केलेल्या गाठीच्या प्लेगात शंभरातले तीस ते साठ दगावतात, वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक वाचतात. पण १९९५ मध्ये मादागास्करात एका रोग्याच्या अंगात असा जंतू सापडला की त्याच्यावर नेहमीची अनेक औषधे चालेनात. ही ताकद त्याला एका प्लाझ्मिडने दिली होती, त्या बांगडीसारख्या कड्याने, दुसऱ्या कुठल्यातरी जिवाणूकडून आलेल्या. अर्धवट घेतलेले अँटिबायोटिक अशा कड्यांना वाव देते. औषधाला शरण जाणारे जंतू मरतात, कडे बाळगणारे उरतात आणि तेच वाढतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या तापाला शेजारणीच्या मुलाला द्यायच्या, ही आपल्या घरांतली सवय इथे येऊन भिडते.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची खास. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. घरे पाच-सहा महिने बंद. कुठे म्हातारी माणसे राहतात, कुठे नुसते कुलूप. आत ज्वारी-बाजरीची पोती. मामल्यात भूकंपाने जे घडले ते इथे दर हंगामात छोट्या प्रमाणात घडते. पोत्यातले धान्य पत्र्याच्या झाकणबंद कोठीत घालून, कोठी जमिनीपासून वर विटांवर ठेवली तर उंदराला घरात थांबायचे कारण उरत नाही. परत आल्यावर घर उघडताना मेलेले उंदीर दिसले तर हात लावू नये, झाडूने सारू नये. ग्रामपंचायत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. विषाच्या गोळ्या टाकून जिवंत उंदीर लगेच मारायला जाऊ नये. आधी पिसवा मारणारी पावडर बिळांवर आणि भिंतींच्या कडेला टाकली जाते, उंदीर त्यानंतर. उलट केले तर उंदीर मरतील आणि पिसवा तुमच्या अंथरुणात येतील. उंदीर पडल्यावर आठवडाभरात घरात कोणाला थंडी वाजून ताप भरला आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्या माणसाला दवाखान्यात नेताना डॉक्टरला उंदरांचे आवर्जून सांगावे. रक्त आणि गाठीतले पाणी पहिल्या गोळीच्या आधी घेतले जाईल असे पाहावे, आणि ते घेतल्याबरोबर, अहवालाची वाट न पाहता, औषध सुरू करून घ्यावे.